पेट्रोलच्या डब्यावर बसलेले शेठ

उमेदमल शेठ तुपाचा डबा विकत घेताना आधी वास घेत, मग तळहातावर थेंब चोळून पाहत, आणि शेवटी एक लांब सळई डब्यात थेट तळापर्यंत घालत. सळई बाहेर काढून तिच्या टोकाला काय लागले आहे ते उन्हात नेऊन बघत. तूप आणणारा माणूस वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी यात फरक पडत नसे. अक्राणीच्या डोंगरातून डोक्यावर मडकी घेऊन उतरणाऱ्या बायका दुकानाच्या पायरीवर बसून हसत. "शेठ, आम्हनी म्हैसलेच सळई घाला ना," असे एकीने म्हटल्याचे माझे वडील सांगत.

माझे वडील मोतीलाल हे तापीकाठच्या प्रकाशा गावी शेठजींच्या दुकानात मुनीम होते. पुढची हकीगत मी त्यांच्याकडून ऐकली आणि नंतर, बऱ्याच वर्षांनी, दलपत कोळ्याकडूनही ऐकली. दोघांचे सांगणे जिथे जुळत नाही तिथे मी तसे लिहिले आहे.

शेठजींचा संशयी स्वभाव जन्माचा नव्हता. ते मारवाडातून काकाबरोबर आले तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असतील. दुकानात लागल्यावर त्यांनी स्वतःच्या हिमतीने पहिल्यांदा तुपाचे डबे घेतले आणि शहाद्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला दिले. वर चार बोटे तूप होते, खाली उकडून कुस्करलेली रताळी. गिऱ्हाइकाने लग्नाच्या पंगतीत, शंभर माणसांसमोर, डबा उपडा केला. शेठजींना ते डबे विकणारा माणूस काकाच्या ताटात जेवणारा होता. तेव्हापासून सळई.

असा माणूस होडीला इंजिन लावायच्या भानगडीत पडला कसा, हे सांगितले पाहिजे.

प्रकाशाहून तापीच्या काठाकाठाने खाली कुकरमुंड्याला शेठजींचा मोठा व्यवहार होता. डिंक, चारोळी, मध, तूप असा डोंगरचा माल तिथल्या बाजारात भरपूर येई. पावसाळा संपला की गाडीवाटा चिखलाने आणि नाल्यांनी अडलेल्या असत, नदी मात्र भरलेली असे. म्हणून ते शिडाची लहान होडी वापरत. जाताना पूर्वेचा वारा आणि प्रवाह दोन्ही सोबत. येताना दोन्ही विरुद्ध. मग दोन माणसे काठावर उतरून दोराने होडी ओढत आणत. भरलेली होडी, काटेरी काठ आणि मध्येच घुसलेले ओढे यामुळे परतीची वाट लांबतच जाई, आणि वाट लांबली की रस्त्यात तूप कोणी काढून घेते असा शेठजींचा संशय वाढे.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी सुरतेच्या एका पारशी गृहस्थाने आपले होडीचे इंजिन विकायला काढले. एका माणसाला उचलता येईल एवढे ते यंत्र. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळायचे, खाली पाण्यात पंखा, वर चाक, चाकाला दोरी गुंडाळून हिसका दिला की सुरू. शेठजींनी ते घेतले आणि चालवायला शिकण्यासाठी घाटावरच्या दलपतला सुरतेला पाठवले.

दलपत घाटावरचा चांगला नावाडी होता. प्रकाशाच्या घाटावर कोळ्यांची सहा-सात घरे पाळीपाळीने नाव चालवत आणि काठची गावे त्याबद्दल सुगीला धान्य देत. दलपत सुरतेहून परत आला तेव्हा घाटावर सगळ्यांच्या नजरा बदललेल्या होत्या. इंजिन आले म्हणजे उद्या शेठ घाटाचा ठेकाच घेणार आणि आपली वल्ही चुलीत जाणार, असे लोक बोलू लागले. पंख्याने मासे पळाले अशीही तक्रार झाली.

"दलपत, तुन्ही नावले शेपूट फुटनी रे!" असे कोणी तरी रोज म्हणे.

"फुटनी तं फुटनी. तू धरीसन लोंबकळ," दलपत म्हणे.

पहिली खेप चांगली झाली. पुढच्याही झाल्या. दलपत लवकरच शिकला की इंजिन पूर्ण जोराने पळवण्यात अर्थ नाही. लहान होडी एका मर्यादेपलीकडे पळत नाही, नुसते मागचे पाणी उसळते आणि पेट्रोल जळते. दमाने चालवले तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये बरीच जास्त मजल मारता येते. उथळ पाण्यात इंजिन वर उचलायचे, पंख्यात गवत अडकले की थांबून काढायचे, वारा असेल तेव्हा शीड चढवून इंजिनाला विश्रांती द्यायची. सारंगखेड्यालाही तो होडी घेऊन प्रवाहाविरुद्ध एका दिवसात पोहोचला.

पण शेठजींच्या मनात पेट्रोल शिरले होते.

नंदुरबारहून आणलेला डबा ते स्वतः मोजून देत. खेप झाली की सळई घालून उरलेले बघत. आणि प्रत्येक वेळी वेगळेच उरे.

"गाव तितकंच दूर शे," ते म्हणाले. "मंग पेट्रोल कमी-जास्त कसं लागस?"

"शेठ, जातांना नदी आपले ढकलस. येतांना आपण नदीले ढकलतस."

"नदीनं नाव पुढे करू नको. तिले मी काय इचारसू?"

नवरात्र संपल्यावर एका सकाळी शेठजी न सांगता घाटावर गेले. दलपत होडीत उकिडवा बसून पेट्रोलच्या डब्यात दुसऱ्या लहान डब्यातून काहीतरी ओतत होता. काळसर, दाट.

"काय करी ऱ्हायना?"

"तेल टाकी ऱ्हायनू."

"पेट्रोलमा?"

"हा. सुरतना मिस्तरीनी सांगेल व्हतं."

"कसाले?"

खरी गोष्ट अशी की ते दलपतलाही ठाऊक नव्हते. त्याचा स्वतःचा अंदाज होता की मिस्तरी तेल विकतो म्हणून सांगतो. पुढे मला तो म्हणाला, "माले वाटे, हाऊ मानूस शेठले गंडाडस." पण सांगितले होते म्हणून तो टाकत होता, कधी जास्त, कधी हात आखडून.

तूप-तेलाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पातळ, महागड्या वस्तूत कोणाला दाट, काळी वस्तू ओतताना पाहिले तर त्याला काय वाटेल? शेठजींना रताळी आठवली असणार. पेट्रोल काढून विकायचे आणि डबा भरलेला दिसावा म्हणून तेल ओतायचे, असा त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला.

"तूपमा तेल टाकनारा बी असंच सांगतस," ते ओरडले. "कोन्ही तरी सांगेल ऱ्हास! चोर शे तू. डबेना डबे पेट्रोल विकं तू."

घाटावर पंधरा-वीस माणसे होती. त्यांत जेठ्यादादा होता, कोळ्यांतला सर्वांत वयस्कर. तो पुढे आला.

"शेठ, तुम्ही दलपतले चोर म्हनात. रागमा म्हनात का समजीसन?"

"समजीसन."

"मंग वल्हं ठेवनं पडी."

त्या घाटावरची रीत अशी होती. नावेत बायका अंगावर दागिने घालून बसतात, व्यापारी माल ठेवतात, माहेरवाशिणी एकट्या येतात. तेव्हा नावाड्यावर कोणी चोरीचा आळ घेतला तर त्याने आपले वल्हे काठच्या पिंपळाखाली नेऊन ठेवायचे. त्यानंतर त्याने कोणत्याही नावेत कोणत्याही वल्ह्याला हात लावायचा नाही. आळ घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने, एका साक्षीदारासमोर, त्याच्या हातात वल्हे दिले तर आळ फिटला. वल्हे कोणते हे महत्त्वाचे नाही, हात कोणाचा हे महत्त्वाचे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तसे झाले नाही तर त्या घराची पाळी कायमची जाई आणि दुसऱ्या घराला मिळे.

दलपतने वल्हे ठेवले. त्याची बायको पारुबाई घाटावर धुणे धुत होती, ती तशीच ओल्या लुगड्याने घरी निघून गेली. दलपतच्या बापाची, आजाची पाळी होती ती. पौर्णिमेला फार दिवस राहिले नव्हते.

पण इंजिन म्हणजे वल्हे नव्हे. जेठ्यादादाने बराच वेळ विचार करून तसे सांगितले. म्हणून दलपत दुसऱ्या दिवशी शेठजींच्या दारात उभा राहिला.

"तुम्ही सोबत चला. डबावर तुम्हीच बठा. तेल नको तं नको. मंग देखा किती लागस ते."

शेठजींना हे पटले. स्वतः तपासलेले, नुसते पेट्रोल. स्वतः बसून पाहिलेली खेप. कमी लागले तर चोरी सिद्ध. दलपतच्या मनातही हेच होते, उलट्या बाजूने. तेलाशिवाय चालते हे दिसले तर सुरतेचा मिस्तरी खोटा ठरेल आणि आळ त्याच्यावर जाऊन आपण सुटू. दोघेही तेल न घालण्यावर एकमताचे झाले, आणि एकाच चुकीवर विश्वास ठेवून निघाले.

बरोबर शेठाणी कंकुबाई होत्या. कुकरमुंड्याला त्यांची बहीण दिलेली होती. त्या होडीच्या पुढच्या बाजूला गाठोडे धरून बसल्या. शेठजी मागे, पेट्रोलच्या डब्यावर, दलपतकडे तोंड करून.

जाताना वारा चांगला होता, शिडावरच होडी गेली. गावाजवळच्या वळणावर थोडा वेळ इंजिन लावले तेव्हा ते नेहमीपेक्षा मोकळे चालले. मागून निघणारा निळा धूर दिसेना.

"देख!" शेठजी म्हणाले. "धूर गया. भेसळ व्हती ती."

दलपतलाही ते खरे वाटले. तो खूश झाला.

परतीच्या दिवशी होडीत तुपाचे डबे होते, प्रवाह समोरून येत होता आणि वाराही समोरून. सातपुड्यात कुठे तरी उशिराचा पाऊस पडला होता, त्यामुळे पाणी गढूळ आणि जोरात होते. शीड गुंडाळून ठेवले होते. इंजिन निघाल्यापासून एकसारखे चालू होते. तासाभरात ते काळ्या खडकांपाशी आले. तिथे तापीच्या मधोमध खडकांची रांग आहे आणि पाणी तिच्यात शिरताना आवाज करते. खडक मागे पडले तसे दलपतने हुश्श केले. आणि मग इंजिनाचा सूर बदलला. आधी किरकिर, मग तापलेल्या लोखंडाचा वास. एक झटका बसला आणि ते थांबले.

दलपतने चाकाला दोरी गुंडाळून ओढली. दोरी हललीच नाही. दोन्ही हातांनी चाक फिरवून पाहिले. ते जणू खिळ्याने ठोकले होते.

"काय व्हयनं?" कंकुबाईंनी विचारले.

"धरी लिधं, माय. फिरत नही."

होडी क्षणभर जागीच राहिली, मग हळूच आडवी झाली आणि मागे सरकू लागली. खडकांकडे.

"वल्हं मार!" शेठजी ओरडले.

होडीत वल्ह्यांची जोडी होती, पायाशी पडलेली. दलपतने तिच्याकडे पाहिले, हात लावला नाही.

"माले चालत नही, शेठ."

"कसाले?"

"तुम्हीच ठेवाले लावं."

शेठजी डब्यावरून उठले नाहीत. त्यांचे डोळे बारीक झाले. वडील सांगत की असे डोळे झाले की दुकानातली माणसे बोलणे थांबवत.

"हाई तुन्ही चाल शे," ते म्हणाले. "तू मुद्दाम बंद पाडं. मन्हा हाते वल्हं लेवाले."

"डबावर तुम्ही बठेल. देखनारा तुम्ही. मी कव्हय काय करं?"

"ते मी शोधसू."

"शोधा. पन आपण बुडी जासूत."

"तू कसाले बुडशी? तुले पव्हता येस."

ते खरेच होते. पण तापीच्या पाण्यात शेठाणीला सोडून पोहत जाणारा नावाडी घाटावर परत कोणत्या तोंडाने येणार, हे दलपतला माहीत होते. त्याने मला सांगितले, "आते माले वल्हं उचलनं पडनार व्हतं. पाळी गयी तं गयी. पन थोडा टाइम मी थांबनू." वडिलांच्या सांगण्याप्रमाणे मात्र दलपत अजिबात हलला नसता. कोणाचे खरे, मला सांगता येत नाही.

शेठजींनी शेवटी स्वतःच एक वल्हे उचलले. पाण्यात घातले, ओढले, आणि होडी गोल फिरली. पुन्हा ओढले, पुन्हा फिरली. तुपाचा एक डबा घरंगळून दलपतच्या पायावर आला.

आता कंकुबाई मारवाडीत बोलल्या, त्याचा अर्थ असा होता, "तराजू धरल्यासारखं काय धरलं आहे? तुम्हाला चोर बघायचा आहे की पाणी बघायचं आहे, एकदा ठरवा."

"तू गप्प बस."

"मी बसते. खडक बसणार नाहीत."

पाण्याचा आवाज आता मोठा झाला होता. तेव्हा दलपत म्हणाला, "शेठ, एक गोठ सांगस. एक बाटली मी घर लई जायेल शे."

शेठजींचे वल्हे थांबले. "काय?"

"पेट्रोलनी. खाटमा ढेकून व्हतात. पारुबाईनी मांगं."

"कव्हय?"

"नवरातना पह्यले."

"एकच?"

"एकच. तापी मायनी आन."

कंकुबाई पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगताना नवऱ्याच्या चेहऱ्याची नक्कल करत. खडक जवळ येत होते आणि शेठजींच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ सुटत चालली होती, जणू खूप दिवस न जुळलेला हिशेबाचा ताळा आज जुळला.

"म्हंजे चोरी शेच!"

"शे."

"मी बरोबर व्हतू."

"बाटलीपुरता."

"बाटलीपुरता," शेठजींनी मान्य केले. मग त्यांनी वल्हे उलटे धरून मूठ दलपतच्या हातात दिली. "ले. डबानी गोठ मी मांगे लेस. बाटलीनी ऱ्हास."

"मी देखं," कंकुबाई साक्षीदार म्हणून अहिराणीत म्हणाल्या, मोठ्याने, जणू नदीलाही ऐकू जावे. "आते मार रे बाबा!"

दलपतने दुसरे वल्हे पायाने ओढून घेतले. त्याने होडी प्रवाहाविरुद्ध नेण्याचा प्रयत्नच केला नाही. तिचे तोंड काठाकडे तिरपे वळवले आणि पाणी खाली नेत असतानाच आडवे कापले. सगळ्यात कडेच्या खडकाला होडीची मागची फळी घासली, इंजिनाचा पंखा तिथेच तुटून गेला, आणि ती बाभळीच्या मुळांपाशी चिखलात लागली. उतरल्यावर शेठजींनी आधी तुपाचे डबे मोजले, मग पायातला काटा काढला.

ते बैलगाडीने प्रकाशाला आले. बातमी आधीच पोहोचली होती. घाटावर जेठ्यादादा पिंपळाखाली बसला होता.

"शेठ, वल्हं दिधं?"

इथे शेठजी नाही म्हणू शकले असते. जीव वाचवण्यासाठी दिलेले वल्हे वेगळे, असे म्हणायला त्यांना कोणी अडवले नसते. दलपत मान खाली घालून उभा होता.

"दिधं," शेठजी म्हणाले. "मन्हा हाते. पन एक बाटली चोरेल शे. ती लिखी ठेवा."

"कसानी बाटली?"

"पेट्रोलनी. ढेकूनसाठे."

जेठ्यादादा दलपतकडे वळला. "मरनात का रे ढेकून?"

"नही ना दादा. दोन दिवसमा परत उनात."

घाट हसला. जेठ्यादादाने पिंपळाखालचे वल्हे उचलून दलपतच्या खांद्याला टेकवले. पाळी राहिली.

इंजिन नंदुरबारला मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्तरीकडे नेले. त्याने उघडून आतला भाग दाखवला. या जातीच्या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळून जाते, वेगळे घालायची सोयच नसते. तेल नसेल तर आतले लोखंड तापून एकमेकांना चिकटते, असे त्याने समजावले. शेठजींनी नीट ऐकून घेतले. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या वडिलांना विचारले, "दलपत याला आधी भेटला होता का, चौकशी करा." सुरतेलाही विचारणा केली. तिथूनही तेच उत्तर आले. तेव्हा ते म्हणाले, सगळे मिस्तरी एकच.

तरीही, इंजिन विकताना त्यांनी घेणाऱ्याला बजावले की पेट्रोलमध्ये तेल घालायचे. का घालायचे हे त्याने विचारले तेव्हा शेठजी म्हणाले, "घालायचं असतं."

पुढे युद्ध लागले, पेट्रोल मिळेनासे झाले. शिडावर जाणे आणि दोराने ओढून आणणे पुन्हा सुरू झाले. शेठजी कुकरमुंड्याला जात राहिले. फक्त दलपतच्या होडीतून. मागच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड करून, तुपाच्या डब्यावर बसून. एका हिवाळ्यात दलपत तापाने पडला तेव्हा दुसरे चार नावाडी मोकळे असताना शेठजींनी बाजार चुकवला. कंकुबाईंनी दलपतच्या घरी काढ्याचे सामान पाठवले. ते किती पाठवले हे शेठजींनी विचारून घेतले, पण परत मागवले नाही.

जेठ्यादादाने एकदा त्यांना घाटावर छेडले. "शेठ, चोर म्हनतस, आनी त्यानीच नावमा बठतस. आम्ही काय वाईट करं?"

"याची चोरी माले माहीत शे," शेठजी म्हणाले. "तुम्हनी आते कव्हय शोधत बसू?" आणि दलपतने पुढे केलेला हात धरून होडीत उतरले.